न दिसणारा बिघाड ओळखणारे विश्वेश्वरय्या

परवा सांगलीत आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत इफ्तारला बसलो होतो. मगरीबच्या अजानला दहा मिनिटे होती. समोर खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि भजी मांडलेली. शेजारी इथेच अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा बसला होता. लहानपणापासून डोळ्यांसमोर वाढलेला. मी सहज विचारले, की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कशावर घेतला आहेस. त्याने सांगितलेले नाव ऐकून मी गप्पच झालो. नॉनलिनिअर कंट्रोल सिस्टिममधल्या बिघाडाचा अॅडाप्टिव्ह ऑब्झर्व्हर वापरून अंदाज घेणे, असा तो विषय होता. मी भाषा शिकवणारा माणूस. म्हटले, बाबा रे, उर्दूत सांग नाहीतर मराठीत सांग, पण मला कळेल असे सांग. तो हसला आणि त्याने मला विश्वेश्वरय्यांची आगगाडीची गोष्ट आठवते का, असे विचारले.

ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. रात्रीची वेळ, धावती आगगाडी, डबा प्रवाशांनी भरलेला. कोपऱ्यात साध्या वेशातला एक सावळा माणूस डोळे मिटून बसलेला. अचानक तो उठतो आणि साखळी ओढतो. गाडी थांबते, गार्ड येतो, लोक चिडतात. तो शांतपणे सांगतो, की पुढे काही अंतरावर रूळ उखडलेला असावा. कंदील घेऊन माणसे जातात, तर खरोखरच रूळ निखळलेला असतो. चाकांच्या आवाजाची लय बदलली, एवढ्यावरून त्याने ते ओळखलेले असते. ही गोष्ट आता लोककथेसारखी फिरते आणि लोककथेला कोणी दाखला मागत नाही. पण त्या मुलाने तिच्यातून मला आपला विषय पाच मिनिटांत समजावला.

तो म्हणाला, की त्या माणसाला रूळ दिसत नव्हता. त्याच्याजवळ दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे कानावर पडणारा आवाज. दुसरी म्हणजे रूळ धड असता तर आवाज कसा आला असता, याचा मनात चाललेला हिशेब. दोन्ही जुळत होते तोवर तो निवांत होता. फरक पडला तसा तो सावध झाला. फरक किती आणि कसा, यावरून त्याने बिघाड कुठे आणि केवढा याचा अंदाज बांधला. यंत्राच्या बाजूला बसून असा हिशेब सतत चालवणाऱ्या गणिताला ऑब्झर्व्हर, म्हणजे निरीक्षक, म्हणतात. आणि फरक सारखाच येत राहिला तर स्वतःची गृहीतके तपासून बदलणारा निरीक्षक तो अॅडाप्टिव्ह.

अजान झाली आणि बोलणे तिथेच राहिले. तराबीहून घरी परतताना मात्र मनात विश्वेश्वरय्याच घोळत होते. आपण त्यांना अभियंता दिनापुरते ओळखतो. १५ सप्टेंबरला फोटोला हार घालतो आणि विसरतो. खरे तर त्यांच्या उमेदीची चोवीस वर्षे आपल्या मुंबई इलाख्यात गेली. त्यांच्या सर्वांत मोठ्या परीक्षेची सुरुवातही एका रमजान महिन्यातच झाली. म्हणून आजच्या पानावर त्यांचीच कहाणी.

पुण्याचा विद्यार्थी

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे पंडित, घरची स्थिती बेताची. मुलगा शाळकरी वयात असतानाच वडील गेले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी सेंट्रल कॉलेजातून पदवी मिळवली. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला आले. १८८३ च्या परीक्षेत ते इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

पहिली नेमणूक नाशिकला. मग खानदेश. तिथे नदीच्या पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम भर पावसाळ्यात अंगावर आले आणि या तरुणाने ते तडीस नेले. पुढे त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवले गेले. सक्करच्या लोकांना सिंधू नदीचे गढूळ पाणी प्यावे लागत असे. गाळणीचे मोठे हौद बांधायला पालिकेजवळ पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणण्याचा मार्ग काढला. पात्रातल्या वाळूतून झिरपत आलेले पाणी आपोआप स्वच्छ होऊन विहिरीत उतरू लागले. गाळणी नदीनेच करून दिली.

या पहिल्या कामांतच त्यांची रीत दिसते. पाण्याला काय करायचे आहे ते आधी नीट बघायचे आणि मग त्याच्याकडूनच काम करून घ्यायचे.

खडकवासल्याचे दरवाजे

त्यांचे सर्वांत गाजलेले काम पुण्याजवळ, खडकवासल्याच्या धरणावर झाले. तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. पुणे शहर, लष्कराची छावणी आणि कालव्यावरची शेती, सगळे त्याच्यावर अवलंबून. पावसाळ्यात तलाव भरून सांड्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे. सांड्यावर दरवाजे बसवून पाणी अडवावे, तर भीती वेगळीच. मध्यरात्री डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि दरवाजे उघडायला माणूस वेळेत पोहोचला नाही, तर धरणच धोक्यात.

इथे त्या मुलाचा नॉनलिनिअर शब्द समजून घ्यायला हवा. अर्थ सोपा आहे. एक पट कारण घडले की एक पट परिणाम आणि दुप्पट कारणाला दुप्पट परिणाम, असा सरळ हिशेब जिथे चालत नाही, ती व्यवस्था नॉनलिनिअर. पाणी बहुतेक तसेच वागते. सांड्यावर एक फूट पाणी चढले असताना जेवढा प्रवाह पडतो, त्याच्या सुमारे पावणेतीन पट प्रवाह दोन फुटांना पडतो आणि चार फुटांना आठ पट. पूर हळूहळू वाढतो आहे असे डोळ्यांना वाटत असते, पण खाली पडणारे पाणी त्याहून फार वेगाने वाढत असते. त्रैराशिक मांडून दरवाजे हलवणारा माणूस इथे फसतो.

विश्वेश्वरय्यांनी आपोआप चालणारे दरवाजे तयार केले. दरवाजांचे वजन दुसऱ्या वजनांनी तोललेले. ठरलेल्या पातळीपर्यंत ते बंद राहून पाणी अडवत. पाणी त्यावर चढले की त्याच पाण्यामुळे तोल बिघडे आणि दरवाजे उघडत. पूर ओसरला की पुन्हा मिटत. इंजिन नाही, वीज नाही, रात्रीचा पहारेकरी नाही. १९०३ च्या सुमारास ते खडकवासल्यावर बसले. भिंत न वाढवता तलावाचा साठा वाढला. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर नोंदले गेले. नंतर ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही त्यांची ही पद्धत गेली.

कंट्रोल सिस्टिम म्हणतात ती हीच. मोजायचे, ठरलेल्या मापाशी ताडायचे आणि फरक असेल तसे वागायचे. आपल्या छतावरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह हेच करतो. गिझरचा थर्मोस्टॅट हेच करतो.

पण अशा व्यवस्थेची एक दुबळी बाजू आहे आणि त्या मुलाचा अभ्यास तिच्यावरच आहे. दरवाजा गंजून अडकला, साखळी तुटली किंवा पातळी मोजणारा काटा खोटे सांगू लागला, तर काय? दरवाजा स्वतः ओरडून सांगत नाही. बाहेरून दिसते ती फक्त पाण्याची पातळी. आज धरणावर बसलेला अभियंता काय करतो? आत किती पाणी येते आहे हे सगळ्या ओढ्यानाल्यांवर जाऊन मोजता येत नाही. मग पातळी किती वाढली आणि बाहेर किती सोडले, यावरून आवक काढली जाते. विसर्ग ठरला तेवढा, पाऊस माहीत आहे तेवढा, आणि तरीही पातळी हिशेबापेक्षा वेगळी वागते आहे असे दिसले, तर कुठेतरी काहीतरी चुकले आहे. ते दरवाज्यात चुकले की मोजपट्टीत की आपल्याच हिशेबात, हे वेगळे काढणे सगळ्यांत अवघड.

त्यात आणखी एक अडचण तो सांगत होता. जी वस्तू कधी हललीच नाही, तिचा बिघाड कळत नाही. वर्षभर बंद असलेला दरवाजा अडकला आहे की धड आहे, हे बंद दरवाज्याकडे बघून सांगता येत नाही. म्हणून पावसाळ्याआधी धरणाचे दरवाजे चालवून बघतात. व्यवस्थेला थोडे हलवल्याशिवाय तिच्यातले सत्य बाहेर येत नाही.

विश्वेश्वरय्यांनी याच काळात दख्खनच्या कालव्यांसाठी गट पद्धतीने पाणीवाटप सुचवले. गावांचे गट पाडायचे, पाळीपाळीने पाणी द्यायचे, ऊस, भुसार आणि बाकी पिके यांचे प्रमाण ठरवायचे. कालव्याच्या तोंडाशी असणाऱ्यांनी पाणी उपसायचे आणि शेपटाकडच्यांनी आकाशाकडे बघायचे, हा बिघाड त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेरला होता. कृष्णेच्या आणि नीरेच्या काठच्या शेतकऱ्याला यावर आणखी सांगायची गरज नाही.

१९०६ मध्ये सरकारने त्यांना एडनला पाणी आणि सांडपाण्याच्या योजनेसाठी पाठवले. काम नावाजले गेले. पण इलाख्याचा मुख्य अभियंता हा गोराच असणार, हे त्यांना माहीत होते. १९०८ मध्ये त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि युरोपच्या प्रवासाला निघून गेले.

रमजानातला पूर

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस हैदराबादेत रमजानचा महिना नुकताच सुरू झाला होता. हिजरी सन १३२६. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला असा पूर आला, की हैदराबादच्या जुन्या घरांत आजही त्याला नुसते तुग्यानी म्हणतात. तुग्यानी म्हणजे पूर, पण त्या शब्दात उन्मत्त होऊन मर्यादा ओलांडणे हाही अर्थ आहे. पूल तुटले, मोहल्लेच्या मोहल्ले वाहून गेले, हजारो माणसे मेली. मृतांचा आकडा १५ हजारांच्या आसपास सांगितला जातो. अफजलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढलेले दीडशेच्या आसपास लोक वाचले. उर्दूचे मोठे शायर अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुरात गेली. ते एकटे उरले. त्यांच्या रुबाया मी वर्गात शिकवतो तेव्हा ही एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

निजाम महबूब अली खान यांनी राजवाड्यांची दारे लोकांसाठी उघडली, लंगर चालवले. आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून कोणाला बोलवावे याचा शोध घेतला, तेव्हा नाव निघाले विश्वेश्वरय्यांचे. ते युरोपात होते. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले.

शहर नदीला दोष देत होते. विश्वेश्वरय्या नदीच्या वर, पाणलोट क्षेत्रात गेले. पावसाच्या नोंदी गोळा केल्या. पाण्याच्या खुणा कुठवर चढल्या होत्या ते मोजले. त्यातून जे निघाले ते शहरातून दिसणे शक्यच नव्हते. मुसीच्या वरच्या भागात शेकडो लहान तलाव होते आणि त्या पावसात त्यांतले दोनशेहून अधिक फुटले होते. एक फुटला, त्याचे पाणी खालच्यावर आले, तोही फुटला. आभाळातून पडलेल्या पाण्यात साठवलेले पाणी मिसळत गेले आणि सगळे मिळून शहरावर आले. शहरात दिसला तो परिणाम होता. बिघाड कित्येक मैल मागे झाला होता.

त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला दोन मोठे जलाशय सुचवले. एक मुसीवर आणि एक तिच्या इसी या उपनदीवर. पूर तिथे अडवायचा आणि नदीला झेपेल तेवढेच पाणी सावकाश खाली सोडायचे. त्यातून पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. निजामाच्या आणि शहजाद्याच्या नावांच्या या तलावांची कल्पना मुद्देनहळ्ळीच्या एका पंडिताच्या मुलाची. हैदराबाद अनेक वर्षे त्यांचेच पाणी प्याले. त्यात कोणाला काही विशेष वाटले नाही, आणि तसेच असायला हवे.

म्हैसूर आणि एक न दिसलेला दोष

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कावेरीवरचे कृष्णराजसागर, म्हैसूर बँक, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, ही सगळी त्यांच्याच काळातली किंवा त्यांनी पाया घातलेली कामे. १९१५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले सर मिर्झा इस्माईल यांनी कृष्णराजसागराच्या पायथ्याशी वृंदावन बाग फुलवली. एकाने धरण दिले, दुसऱ्याने बाग दिली.

त्यांच्या सचोटीची एक गोष्ट सांगितली जाते. सरकारी काम करताना सरकारी मेणबत्ती आणि खासगी पत्र लिहिताना ती विझवून स्वतःची मेणबत्ती. आमच्या घरी हीच गोष्ट आजीने मला खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांच्या दिव्याची म्हणून सांगितली होती. दोन्ही गोष्टी एकाच साच्यातल्या. लोकांना प्रामाणिक कारभारी हवा असतो, तेव्हा धर्म आणि शतके ओलांडून ते एकच गोष्ट सांगतात.

आता एक कडू गोष्ट. थोरांच्या चरित्रात ती वगळायची पद्धत आहे, पण वगळली तर या माणसाचा धडा अर्धाच राहतो. १९१८ मध्ये म्हैसूरचे महाराज कृष्णराज वोडेयार यांनी सरकारी नोकऱ्यांत मागास समाजांना वाटा कसा देता येईल, हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमली. ब्राह्मणेतर समाज आणि मुस्लिम यांचे नोकऱ्यांतले प्रमाण फार कमी होते. विश्वेश्वरय्यांना हे पटले नाही. नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात, नाहीतर कारभार ढासळेल, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षाअखेरीस ते दिवाणपदावरून दूर झाले.

त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. स्वतः शिष्यवृत्तीवर आणि शिकवण्यांवर शिकलेला हा माणूस शाळा वाढवत होता, शिष्यवृत्त्या देत होता. पण आपल्याकडे, कृष्णेच्या खोऱ्यात, पंचगंगेच्या काठावर राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्येच निम्म्या जागा मागासांसाठी राखून ठेवल्या होत्या. शाहू महाराजांना जे दिसले ते विश्वेश्वरय्यांना का दिसले नाही?

मला त्या मुलाच्या विषयाने याचे एक उत्तर दिले. परीक्षेचे गुण ही सांड्यावरची पातळी आहे. ती मोजता येते. पण ती पातळी कशामुळे अशी आली, हे तिच्यात दिसत नाही. घरात पुस्तक नव्हते की दिवा नव्हता की शाळेच्या आतच घेतले नव्हते, हे वर पाणलोटात जाऊन पाहावे लागते. हैदराबादेत विश्वेश्वरय्या पाणलोटात गेले होते. म्हैसूरच्या कचेरीत मात्र ते पुलावर उभे राहून पातळीच वाचत राहिले. एका समाजाची मुले वर्षानुवर्षे हिशेबापेक्षा मागेच पडत असतील, तर निरीक्षकाने स्वतःचे गृहीतक बदलायला हवे. नदीच्या बाबतीत त्यांनी ते आयुष्यभर केले. माणसांच्या बाबतीत तिथे ते थांबले.

मी हे त्यांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. इतका बारीक बघणारा माणूसही एका जागी चुकू शकतो, तर आपण कोण, एवढेच मनात येते.

शंभरी आणि पानशेत

दिवाणपद सुटल्यावरही ते थांबले नाहीत. नियोजनावर, उद्योगांवर पुस्तके लिहिली. १९३४ मध्ये, देशात पंचवार्षिक योजनांचे नाव नव्हते तेव्हा, भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा मांडला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

१९६० मध्ये रुडॉल्फ कालमन या शास्त्रज्ञाचा एक निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. अपुऱ्या आणि गोंगाट मिसळलेल्या मोजमापांवरून न दिसणारी स्थिती कशी ओळखायची, याचे गणित त्यात होते. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांनी ते वापरले. १९६४ मध्ये डेव्हिड ल्युएनबर्गर यांनी निरीक्षकाची कल्पना मांडली आणि त्यातून पुढे अॅडाप्टिव्ह ऑब्झर्व्हर आले. कालमन यांचा निबंध आला तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते.

आणि पानशेत फुटले तेव्हाही. १२ जुलै १९६१. पानशेतचे नवे मातीचे धरण पुरते तयार होण्याआधीच भरले. पाणी सोडण्याच्या मार्गाचे आणि त्याच्या दरवाज्याचे काम अपुरे होते. अर्धवट नियंत्रणातून वेगाने जाणाऱ्या पाण्याचे हादरे बसू लागले आणि वरचा भराव खचू लागला. खचणारा भराव डोळ्यांना दिसत होता. पण आतला बिघाड केवढा आहे आणि किती वेळ हाताशी आहे, हे मोजून सांगणारे तिथे काही नव्हते. जवानांनी रात्री वाळूची पोती रचून काही तास मिळवून दिले. त्या तासांमुळे धरण रात्री झोपेत न फुटता दिवसा फुटले आणि कितीतरी जीव वाचले. ते पाणी खडकवासल्यावर आले आणि खडकवासल्याची भिंतही फुटली. पुणे बुडाले. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी ज्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपले दरवाजे बसवले होते, तेच ते धरण. दोनच महिन्यांनी देशाने त्यांची शंभरी साजरी केली. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूरला त्यांचे निधन झाले.

आज किती फूट?

आपल्याला हे सगळे पुस्तकातले वाटत नाही. पावसाळ्यात सांगलीकर भेटला की पहिला प्रश्न असतो, आज किती फूट. आयर्विन पुलावर चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या वर्षी बकरी ईद १२ ऑगस्टला होती. आमच्या घरी ईदचे कपडे ट्रंकेतच राहिले, कारण ट्रंक माळ्यावर होती आणि आम्ही शाळेच्या वर्गखोलीत. त्या खोलीत आमच्याशेजारी कोण कुठल्या आळीतला होता, हे कोणी विचारले नाही. भाकऱ्या वाटणाऱ्यांनीही नाही.

पुलावरचा आकडा एकच, पण त्याच्या मागे साताऱ्यात पाटणजवळ कोयनेचे सहा दरवाजे आहेत, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस आहे, कराडच्या प्रीतिसंगमावर मिसळणारे पाणी आहे, हरिपूरला येऊन मिळणारी वारणा आहे आणि खाली पाण्याला पुढे सरकायला जागा किती आहे, हेही आहे. आयर्विन पुलावरून यातले काहीच दिसत नाही. जे दिसते त्यावरून जे दिसत नाही ते वेळेवर ओळखणे, यावर आपल्या घरांचा निभाव आहे. म्हणून तो मुलगा ज्या लांबलचक नावाच्या विषयात डोके घालून बसला आहे, तो मला आता आपल्या गावचाच विषय वाटतो.

काल इफ्तारला तो पुन्हा भेटला. प्रकल्पासाठी त्याने दोन टाक्या, एक पंप आणि मुद्दाम अर्धवट अडकवलेला एक व्हॉल्व्ह अशी मांडणी केली आहे. निरीक्षकाने व्हॉल्व्ह अडकल्याचे ओळखले, पण किती अडकला याचा अंदाज अजून चुकतो आहे, असे सांगत होता. गृहीतक कुठे चुकले ते शोधतो आहे म्हणाला. मी त्याच्या हातात खजूर ठेवला. अजान झाली होती.